बारावं कापड

आमच्या गॅरेजमध्ये गाडीचं बॉनेट बंद करण्याआधी कापडं मोजायची रीत होती. सकाळी बारा मांडायची, काम संपलं की बारा परत घ्यायची. फाटक्या चादरी, ह्यांचे विटलेले सदरे यांचे मी हातभर तुकडे करायची आणि प्रत्येकाला लाल दोऱ्याची किनार घालायची. तेलाने काळं झालेलं कापडसुद्धा इंजिनाच्या अंधारात त्या किनारीवरून ओळखू यावं, एवढ्यासाठी. लग्न झालं त्या वर्षी ह्यांच्या हातून एका गाडीत कापड राहिलं होतं, ते पेटलं आणि वायरी जळाल्या. तेव्हापासून मोजणी माझ्याकडे आली. गाड्यांच्या किल्ल्या माझ्या पाठीमागे खिळ्यांवर टांगलेल्या असत. बारा भरली की मी किल्ली काउंटरवर ठेवायची. किल्ली ठेवली म्हणजे गाडी न्यायला हरकत नाही. त्यासाठी बोलावं लागत नसे, आणि ते माझ्या सोयीचंच होतं.

कारण सकाळी उठल्यापासून दुपारचे बारा वाजेपर्यंत मी बोलत नसे. माझी जीभ मुळातच तिखट. लग्नानंतरच्या पहिल्या काही वर्षांत तिने घरात बरंच काही मोडलं. सासूबाई तर माझ्या एका वाक्यावरून चार दिवस जेवल्या नव्हत्या, आणि पुढे त्या गेल्या तेव्हाही ते वाक्य आमच्या दोघींच्या मध्ये तसंच होतं. मग मी दिवसाचा पहिला भाग देवाला देऊन टाकला. अकरा वर्षं, एक दिवस न मोडता. माझी आई गेल्याचा फोन सकाळी साडेसातला आला, तेव्हा बारा वाजेपर्यंत मी उशीत तोंड खुपसून बसले होते. लोक म्हणाले, काय बाईचा निग्रह आहे! एवढ्या दुःखातही ते ऐकून मला बरं वाटलं होतं.

माझ्या मौनाची थट्टा फक्त भाऊजी करत. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. घर गॅरेजच्या मागेच, आणि दोघं भाऊ मिळून गॅरेज चालवत. "वहिनींशी भांडायचं असेल तर साडेअकराला भांडावं," ते गिऱ्हाइकांना सांगत, "अर्धा तास आपलंच खरं!" मी हातातला पाना उगारायची आणि ते डोकं झाकून गाडीमागे लपायचे. चाळिशीला आलेला माणूस, पण हसला की दहा वर्षांचा दिसे.

त्यांची एक गाडी होती. टर्बोची, निळी, कुणीतरी ठोकून टाकून दिलेली. तिला त्यांनी दोन वर्षं खपून उभी केली होती. माझी जाऊ तिला सवत म्हणायची. पहिल्यांदा हसून म्हणायची, मग हसणं गेलं. एका संध्याकाळी ती म्हणाली, "रविवारसुद्धा तिलाच देता, मग संसारही तिच्याशीच करा," आणि बॅग उचलून माहेरी गेली. दोन महिने झाले, तरी आली नव्हती. भाऊजी रोज फोन करत. ती उचलायची, पण परत यायचं नाव काढत नसे.

त्या दिवशी ते तिला आणायला जाणार होते. आणि जाण्याआधी गाडीला नवीन एअर इनटेक बसवायचं त्यांच्या डोक्यात होतं. खोकं आदल्या दिवशीच आलं होतं. त्यात चकचकीत रुंद पाइप, रबराचं कोपर, शंकूसारखा उघडा फिल्टर आणि पाइप आवळायचे क्लॅम्प होते.

"याची आजच काय गरज?" ह्यांनी विचारलं.

"दादा, कंपनीने हिला सर्दी झालेलीच ठेवलीय. एवढंसं नाक, त्यावर खोका झाकलेला. मी नाक मोकळं करतोय."

"नाक मोकळं करून काय गाणं म्हणणार आहे ही?"

"शीळ घालणार शीळ! टर्बोचा आवाज मोकळा येतो मग. गल्लीच्या टोकाला पोचलो की आवाज ऐकूनच ती पिशव्या भरायला घेईल."

"किंवा दार लावून घेईल," हे म्हणाले. मी काउंटरमागे तोंड दाबून हसले.

नऊला काम सुरू झालं. जुना फिल्टरचा खोका निघाला. त्याच्या नळीत हवा मोजणारा छोटा सेन्सर असतो, तो दोन स्क्रू सोडवून ह्यांनी अलगद नव्या पाइपात बसवला. मग जुना पाइप टर्बोपासून ओढून काढला. टर्बो इंजिनाच्या मागच्या बाजूला, खाली, भिंतीलगत. तिथे डोळा पोचत नाही, हात घालून चाचपूनच काम करावं लागतं. पाइप निघाला की टर्बोचं तोंड उघडं पडतं आणि आत हवा ओढून इंजिनात कोंबणारा वाटीएवढा पंखा असतो. गाडी पळते तेव्हा तो मिनिटाला लाखाहून जास्त वेळा फिरतो. एखादा नट आत पडला तर त्याची पाती जातात.

"हे तोंड उघडं असलं की माझा जीव खालीवर होतो," असं म्हणत ह्यांनी मांडणीतून एक कापड घेतलं आणि त्या तोंडात बोळा कोंबला. लाल किनारीचं टोक बाहेर लोंबतं ठेवलं. तीही आमची रीत. टोक दिसलं पाहिजे.

मग घोटाळा झाला तो क्लॅम्पचा. खोक्यातला क्लॅम्प मोठा होता, कितीही आवळला तरी कोपर टर्बोच्या तोंडावर सैलच. ह्यांनी दोनदा मापून पाहिलं. मापताना लोंबतं टोक मध्ये येत होतं म्हणून ते बोटाने आत सारलं. हे मी तेव्हा पाहिलं नव्हतं, ह्यांनीच नंतर सांगितलं. कितीतरी वेळा सांगितलं.

"मी दुकानातून क्लॅम्प घेऊन येतो. तोवर हात लावू नकोस."

"नाही लावत."

"तुझं 'नाही लावत' मी चाळीस वर्षं ऐकतोय."

निघताना ह्यांनी नळावर हात धुतले आणि पुसायला काही हाताशी नव्हतं म्हणून पँटला पुसले. खिसे उलटे करून स्कूटरची किल्ली शोधली, सापडली ती दुसऱ्या खिशात. रिकाम्या हातांनी आणि रिकाम्या खिशांनी ते बाहेर पडले. तेव्हा अकरा पंचवीस झाले होते.

पाचेक मिनिटांत भाऊजींना मेव्हण्याचा फोन आला. बोलणं संपवून ते माझ्याकडे वळले. "ती एक वाजता मावशीकडे निघतेय म्हणे. पंधरा दिवसांसाठी! मी येतोय हे कुणीतरी सांगितलं असणार." माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी कानाला हात लावले. "तुम्ही नाही हो, तुम्ही तर बारापर्यंत निर्दोष."

मग त्यांनी खणांची उलथापालथ केली. नटबोल्टच्या डब्याखाली एक जुना क्लॅम्प निघाला, नेमक्या मापाचा. भाऊजी त्याला ओठांशी नेऊन "माझं सोनं" म्हणाले. ते गाडीत कंबरेपर्यंत वाकले, हात खाली घालून, मान दुसरीकडे करून. कोपर बसलं, पाइप बसला, वर शंकूचा फिल्टर आला. गाडी जागेवर चालवून पाहिली. नीट चालली. त्यांनी ती बंद केली, बॉनेट आपटलं आणि कापडांचा ढीग माझ्यासमोर ट्रेमध्ये टाकला.

"मोजा, पण जरा भरभर."

बॉनेट मोजणीआधी लावलं होतं. मी त्यांच्याकडे डोळे वटारले आणि मोजायला लागले. अकरा. पुन्हा मोजली, एकेक उचलून बाजूला ठेवत. अकरा. मी दहा बोटं दाखवली आणि मग एक.

"अकरा? दादाने नेलं असेल सीट पुसायला."

मी मान हलवली. नाही.

"मग इथेच कुठे पडलं असेल. द्या किल्ली."

मी दिली नाही. ती खिळ्यावरच राहू दिली आणि खिळ्यावर हात ठेवला. भाऊजी हसले. त्यांनी शर्टाच्या खिशातून दुसरी किल्ली काढून माझ्यासमोर नाचवली. गाडी त्यांचीच, जादा किल्ली त्यांच्याकडे असणारच.

"आल्यावर शोधू, वहिनी. तुमची जाऊ घेऊन येतो, मग दोघी मिळून शोधा."

ते वळले. काउंटरपासून गाडीपर्यंत बारा-तेरा पावलं. मागचे दोन्ही खिसे सपाट होते. मी पाहिलं. मी दोघांचेही खिसे पाहिले होते. कापड ह्यांच्याजवळ नव्हतं, भाऊजींजवळ नव्हतं, फरशीवर नव्हतं. मग ते कुठे असणार, हे वीस वर्षं गॅरेजमध्ये बसलेल्या बाईला कळायला वेळ लागत नाही.

मी ट्रे उचलून काउंटरवर आपटला. एकदा, दोनदा.

"हो, हो! सावकाश जाईन, शपथ!" भाऊजींनी मागे न बघता हात हलवला.

घड्याळात बाराला सात मिनिटं कमी होती. ते दार उघडून आत बसले, पट्टा लावला, आरसा नीट केला, त्यात बघून केसांवरून हात फिरवला. गाडी अजून सुरू झाली नव्हती. गॅरेजमध्ये नळ ठिबकल्याचाही आवाज येत होता. 'थांबा' एवढाच शब्द होता. तो माझ्या घशापर्यंत आला. आणि मला आईचा दिवस आठवला, ते सगळे दिवस आठवले, आणि वाटलं, सात मिनिटांसाठी अकरा वर्षं? कदाचित पडलं असेल इथेच कुठे. ज्याच्यासाठी गप्प आहे तो एवढं सांभाळून घेईल.

असं वाटलं, असं म्हणते. खरं तर तेवढा विचारही पुरा झाला नाही. गाडी सुरू झाली, नव्या फिल्टरचा घोगरा श्वास ऐकू आला, आणि ती गेली.

बारा वाजता हे स्कूटर लावत होते. मी तिथूनच ओरडले, "अकराच आहेत! भाऊजी गाडी घेऊन गेले, कापडं अकराच आहेत!" ह्यांच्या हातातला नवा क्लॅम्प खाली पडला आणि गोल गोल घरंगळत गेला. ह्यांनी फोन लावला. रिंग आमच्याच टेबलावर वाजली. घाईत भाऊजी फोन पाना-पक्कडींच्या मध्ये विसरून गेले होते. हे स्कूटरवरून त्यांच्या मागे गेले. स्कूटर ती, आणि गाडी टर्बोची.

पुढचं भाऊजींनी शुद्धीवर आल्यावर सांगितलं. गावाबाहेर सपाट रस्त्यावर गाडी जरा दमल्यासारखी वाटली. त्यांना वाटलं, नवीन भाग आहे, सवय होईल. मग टेकडीचा चढ लागला. पुढे खडी भरलेला ट्रक रांगत होता. घड्याळ पाहिलं, समोरचा रस्ता मोकळा दिसला, म्हणून बाहेर काढून पाय पुरा दाबला. "आधी शीळ आली, वहिनी. काय सुंदर शीळ. मग किंचाळल्यासारखं झालं, आणि मग काहीच नाही. पाय दाबतोय आणि गाडी पुढे जातच नाही. ट्रक बाजूला, मी मध्ये, आणि वळणावरून बस." बसच्या ड्रायव्हरने ब्रेक मारले म्हणून जीव वाचला. कंबरेखालचं काही वाचलं नाही.

जाऊ परत आली, पण ती हॉस्पिटलच्या दारात.

गाडीचा सांगाडा आठवड्याने आमच्याच गॅरेजमध्ये आणून टाकला. ह्यांनी शटर ओढून घेतलं आणि स्वतःच्या हातांनी पाइप सोडवला. मी उभी होते. कोपराच्या आत कापडाच्या चिंध्या होत्या. काही फिल्टरच्या बाजूला आलेल्या, काही पुढे गेलेल्या. पंख्याची पाती मोडून वाकलेली, आणि मधल्या दांड्याभोवती लाल दोरा करकचून गुंडाळलेला. माझी शिवण. ह्यांनी तो दोरा नखाने उकलायचा प्रयत्न केला, बराच वेळ केला. मग तिथेच फरशीवर बसले.

"टोक मी आत सारलं," ते म्हणाले. "मी सारलं आणि मी बाहेर गेलो."

त्यानंतर घरात एकच गोष्ट ठरली, ती म्हणजे चूक ह्यांची. भाऊजी म्हणत, माझी घाई नडली. पण ते कुणी ऐकत नसे. आणि मी? माझं तर सगळ्यांनी कौतुकच केलं. हिने खूण केली, किल्ली दिली नाही, ट्रे आपटला, बिचारी आणखी काय करणार! हॉस्पिटलात नातेवाइकांसमोर हे स्वतः म्हणाले, "त्या उघड्या फिल्टरच्या आवाजात हिने बोंब मारली असती तरी त्याला ऐकू आलं नसतं." मी खाली बघितलं. पलंगावर भाऊजींनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, गोळ्यांची गुंगी असेल.

मौन मी सोडलं नाही. रोज सकाळी उठून बसायची, बारा वाजेपर्यंत. पूर्वी त्या वेळात आत शांत होत असे. आता नळाचं ठिबकणं ऐकू येई आणि आरशात बघून केस नीट करणारे भाऊजी दिसत. त्या गप्प बसण्यात आता देवाला देण्यासारखं काही उरलं नव्हतं, हे मला कळत होतं. तरी बसायची, कारण बारानंतर बोलावं लागे, आणि बोलायला लागले की तेच एक सोडून सगळं बोलायची.

चार महिने गेले. हे वाळून गेले. इंजिनाच्या कामाला आलेल्या माणसाला दुसरीकडे पाठवायचे, फक्त तेल बदलणं आणि चाकांचं काम ठेवलं होतं. दिवसातून दहादा हात धुवायचे. भाऊजींचं अंग पुसणं, त्यांना कुशीवर वळवणं, त्यांची भांडी, सगळं स्वतः करायला बघत. जाऊ करू देत नसे. ती मला ताई म्हणून धरून असायची, रडायची ती माझ्याच खांद्यावर. ह्यांच्याशी मात्र एक शब्द बोलत नव्हती.

त्या दिवशी सकाळचे आठ वाजले असतील. भाऊजींनी पाणी मागितलं. हे लगबगीने पेला भरून घेऊन गेले. मी दारात होते. जाऊ पलंगाच्या कडेला बसली होती. तिने पेला ह्यांच्या हातातून घेतला नाही. उभी राहिली आणि चार महिन्यांत पहिल्यांदा ह्यांच्याशी बोलली, अगदी हळू आवाजात.

"ज्या हातांनी ते कापड कोंबलंत, त्या हातांनी त्यांना पाणी देऊ नका."

"अगं, काय बोलतेस," भाऊजी म्हणाले.

ह्यांनी पेल्याकडे बघितलं आणि मग आपल्या हाताकडे. पेला कुठे ठेवावा हे त्यांना कळेना. टेबलावर ठेवायला गेले, पुन्हा उचलला. तो साठीकडे झुकलेला माणूस एक पेला घेऊन खोलीच्या मध्ये उभा होता आणि पाणी त्याच्या मनगटावर सांडत होतं.

"मी बघितलं होतं," मी म्हणाले.

तिघांनीही माझ्याकडे पाहिलं. माझा आवाज मलाच परका वाटला, सकाळचा, खरखरीत.

"कापड आत आहे हे मला कळलं होतं. तुम्ही रिकाम्या हाताने गेलात ते मी पाहिलं होतं. भाऊजींचे खिसेही पाहिले होते. मी ओरडले नाही. बाराला सात मिनिटं होती."

जाऊच्या चेहऱ्यावर मला समजेल असं काहीच आलं नाही. ती माझ्याकडे बघत होती, जणू मी अजून पुढे काही सांगणार आहे आणि त्याने हे पुसलं जाणार आहे.

ह्यांनी पेला खाली ठेवला. "तू ओरडली असतीस तरी—"

"ऐकू आलं असतं."

"गाडी सुरू होती ना?"

"नव्हती."

"नव्हती, दादा," भाऊजी पलंगावरून म्हणाले. "मी आरशात केस नीट करत होतो. गाडी सुरू नव्हती." मग ते माझ्याकडे वळून हसायला बघत म्हणाले, "वहिनी, तुमचा सकाळचा आवाज पहिल्यांदाच ऐकला. भरपूर मोठा आहे हो."

म्हणजे त्यांना ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि ते माझ्यासाठी गप्प राहिले होते. मी चौकटीला धरून खाली बसले.

जाऊने पेला उचलला, खिडकीतून पाणी ओतून दिलं, नळावर जाऊन पेला घासला, पुन्हा भरला आणि ह्यांच्या हातात दिला. माझ्या जवळून दोनदा गेली, पण माझ्याकडे बघितलं नाही. हे पलंगाशी बसले, भाऊजींची मान उचलून त्यांना पाणी पाजलं. घोटाघोटाने, सावकाश. तोंड पुसलं. मग उठले.

मला वाटलं, आता हे मला मारतील. त्यांनी मला कधी बोटही लावलेलं नव्हतं. किंवा वाटलं, रडतील, आणि मी पाय धरीन. ते माझ्या शेजारी येऊन थांबले आणि माझ्या डोक्यावरून पलीकडे, गॅरेजकडे बघत म्हणाले,

"उद्यापासून कापडं मी मोजीन."

एवढंच. त्यानंतर त्याबद्दल आमच्यात बोलणं झालं नाही.

आता मी मौन धरत नाही. सकाळी उठले की पहिल्यांदा मोठ्याने काहीतरी बोलते, कुणी ऐकत असो वा नसो. जाऊ मला ताई म्हणते, पण खांद्यावर रडत नाही. काउंटर माझ्याकडेच आहे. खिळे मात्र ह्यांनी उपटून पलीकडच्या भिंतीत ठोकलेत. काम संपलं की हे ढीग घेऊन बाकावर बसतात आणि एकेक कापड उचलून मोठ्याने मोजतात. लाल किनार अजून मीच घालते. नऊच्या पुढे गेलं की ह्यांचा आकडा हल्ली चुकतो. हात थांबतो, ओठ हलतात.

"दहा," मी काउंटरमागून म्हणते.

हे सगळी कापडं पुन्हा ढिगात टाकतात आणि एकपासून सुरू करतात.